जाळीवरच्या सूचना

खडूच्या कारखान्यातल्या मोठ्या पंख्याने हिशेबनिसांचा लोकरी मफलर गिळला, तेव्हा तो त्यांच्या गळ्यात नव्हता, नुसता हातावर होता, एवढंच नशीब. सुर्रकन आवाज झाला, मफलर हातातून निसटून भिंतीतल्या गोल तोंडात शिरला, आणि पुढे त्याचं काय झालं ते पलीकडच्या वाळवणखोलीत कळलं. तिथे मांडून ठेवलेल्या ओल्या खडूंवर निळ्या लोकरीचे तंतू येऊन बसले. ट्रेच्या ट्रे खडूंना दाढी फुटली.

"काका, हे खडू आता फळ्यावर लिहिणार की फळा पुसणार?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

वाळवणखोलीचे प्रमुख असलेल्या गृहस्थांना सगळा कारखाना वाळवणकाका म्हणायचा. काका चिमटा घेऊन एकेका खडूची दाढी करत बसले.

आता हा पंखा म्हणजे घरात छताला लटकून गरगरणारा नव्हे. गोगलगाईच्या शंखासारखं त्याचं लोखंडी कवच, आत पात्यांचं भलंमोठं चाक, शेजारी मोटर. कचेरी आणि कारखाना यांच्यामधल्या बोळात त्याचं तोंड उघडायचं, जेवणाच्या गोल टेबलाएवढं. त्या तोंडाने तो हवा ओढायचा आणि गरम नळ्यांवरून ती वाळवणखोलीत फुंकायचा. साच्यातून नुकते निघालेले खडू चिखलाच्या कांड्यांसारखे असतात. ही हवा त्यांच्यातलं पाणी उचलून नेते, तेव्हा कुठे ते खडू म्हणवून घ्यायच्या लायकीचे होतात. शाळा उघडायच्या आधीच्या दिवसांत तर पंखा रात्रंदिवस चालायचा, कारण सगळ्या शाळांना खडू एकदमच हवे असतात.

मफलर गेल्यावर कारखान्याच्या सेफ्टीबाई आल्या. त्यांचं कामच मुळी काय काय वाईट होऊ शकेल याची कल्पना करणं हे होतं आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"आज मफलर गेला, उद्या ओढणी जाईल, परवा हात जाईल. तोंडाला जाळी हवी!"

बोलणं शंभर टक्के खरं होतं. जाळी बसली. लिंबू आरपार जाईल अशी तिची भोकं होती. सेफ्टीबाईंनी पंखा बंद ठेवून त्यात बोट घालून पाहिलं. बोट गेलं. लगेच त्या जाळीवर दुसरी बारीक जाळी ठोकली गेली, पिठाच्या चाळणीच्या नात्यातली.

पंखा सुरू झाल्यावर काकांनी कान दिला. "बाई, हा जरा दबून बोलतोय हो. जाळी हवीच, पण इतकी बारीक?"

"काका, आवाज हवा की बोटं?"

काकांनी स्वतःच्या दहाही बोटांकडे पाहिलं आणि विषय सोडला.

एवढ्यावर थांबलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. खडू वाळायला थोडा जास्त वेळ लागला असता, इतकंच. पण सेफ्टीबाईंची कल्पनाशक्ती एकदा धावायला लागली की तिला लगाम नसे. जाळीसमोरच्या भिंतीवर सूचनाफलक होता आणि त्यावरचे कागद टाचण्यांनी लावलेले होते.

"टाचणी निसटली, जाळीतून आत गेली, खडूत रुतली आणि एखाद्या शाळेतल्या बाईंच्या बोटात घुसली तर?"

झालं. बोळातल्या सगळ्या टाचण्या जप्त झाल्या. टाचण्या गेल्याबरोबर फलकावरची पहिली सूचना सुटली, हवेत एक गिरकी घेतली आणि समोरच्या जाळीवर जाऊन चपखल बसली. सरळ, सुलट, एकही कोपरा न दुमडता. येणाऱ्याजाणाऱ्यांना फलकावरच्यापेक्षा तिथे ती जास्त नीट वाचता येत होती.

"अरे वा! टाचणी नको, डिंक नको, नुसता कागद दाखवला की पकडतो," पॅकिंगखात्याचे प्रमुख म्हणाले. हे गृहस्थ म्हणजे वाळवणकाकांचे साडू. काकांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. अक्षर मोत्यासारखं, आणि ते लोकांना दाखवायची हौस त्याहून मोठी. त्यांनी त्याच दिवशी 'रिकामी खोकी लाथाडू नयेत' अशी सूचना जाडजूड अक्षरांत लिहून जाळीला दाखवली. जाळीने पकडली.

मग रीघ लागली. चहाची वेळ बदलल्याची सूचना. हरवलेली छत्री. सापडलेली छत्री. हरवलेली आणि सापडलेली छत्री एकच नसल्याचा खुलासा. कुणाला नातू झाला, त्याचे पेढे मिळाल्याबद्दल सर्वांचे आभार. आणि या सगळ्यात सर्वांत मोठा कागद होता खुद्द वाळवणकाकांचा. त्यांना स्वतःला चष्म्याशिवाय वाचता येत नसे, म्हणून जगालाही येत नसणार असं धरून त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं होतं: 'वाळवणखोलीचे दार उघडे टाकू नये. हवा जाते.'

हवा जात होती खरी. पण दारातून नव्हे.

काकांची खडू तपासायची रीत ठरलेली होती. दोन खडू उचलायचे, एकमेकांवर हळूच आपटायचे. वाळलेला खडू टणटण बोलतो, ओला थपथप. त्या आठवड्यात खडू थपथप बोलायला लागले. काकांनी ट्रे विरळ मांडले. खडू थपथपच. दार घट्ट लावून फटीत चिंध्या कोंबल्या. तरी थपथप.

त्यांनी वायरमनला बोलावलं. "बाबा रे, मोटर थकलीय का बघ."

वायरमनने करंटचा काटा पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. "थकलीय? काका, मजेत आहे! पूर्वीपेक्षा कितीतरी कमी वीज खातेय. गरम नाही, कुरकुर नाही. अशी समाधानी मोटर मी जन्मात बघितली नाही."

ही बातमी मॅनेजरसाहेबांपर्यंत पोचली. विजेची बचत म्हटल्यावर साहेबांना भरून आलं. त्यांनी ताबडतोब एक अभिनंदनाचं परिपत्रक काढलं, आणि ते लोकांच्या नजरेस पडावं म्हणून साहजिकच जाळीवर लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधून तक्रार गेली की खडू खोक्याला चिकटताहेत. साहेबांनी दुसरं परिपत्रक काढलं, खडू ओले राहत असल्याबद्दल तीव्र नाराजीचं. तेही जाळीवर गेलं. अभिनंदन आणि नाराजी शेजारी शेजारी बसली आणि खडू आणखी ओले राहायला लागले.

साहेब स्वतः वाळवणखोलीत आले. त्यांनी ट्रेमधला खडू उचलला आणि भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. फळ्यावर काहीच दिसेना.

"बघा! उमटतसुद्धा नाही. मी काय लिहिलं ते सांगा बरं?"

काकांनी चष्मा पुसला, फळ्याला नाक लावलं. "दिसत नाही, साहेब."

"मलाही नाही!" म्हणत साहेब तणतणत गेले. अर्ध्या तासाने फळ्यावरचा ओलावा उडाला आणि अक्षरं हळूहळू पांढरी होत उमटली: 'निष्काळजीपणा.' काकांनी ती पुसली नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडता त्या फळ्यासमोर बसून राहिले.

शेवटी पंखा बनवणाऱ्या कंपनीला फोन गेला. त्यांची इंजिनिअर मुलगी आली, पाठीवर पिशवी, हातात हवेचा दाब मोजायची, पाण्याने भरलेली एक वाकडी काचेची नळी. तिने बोळात पाऊल टाकण्याआधीच सेफ्टीबाईंनी हात आडवा केला.

"बाहेरचं माणूस पंख्याजवळ जायचं तर आधी पंखा बंद. नियम आहे."

नियमाप्रमाणे पंखा बंद केला. चाक मंदावलं, थांबलं, आणि जाळीवरचे सगळे कागद एकामागोमाग एक गळून बोळात पसरले. काका मुळात टापटिपीचे. पाहुणीसमोर पसारा नको म्हणून त्यांनी लगबगीने सगळे कागद गोळा केले, नीट चळत करून स्टुलावर ठेवले, वर वजन ठेवलं. मग इंजिनिअर बोळात आली. तिने पाती पाहिली, स्वच्छ. पट्टा पाहिला, ताठ. जाळी पाहिली.

"जाळी फार बारीक आहे. थोडा दाब खाणार ही. पण खडू ओले राहावेत इतका नाही. चालू करा पाहू."

पंखा चालू झाला आणि त्याने असा दणदणीत आवाज दिला की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिनिअरने नळीतलं पाणी कुठवर चढलं ते पाहिलं, वाळवणखोलीत हवेचा वेग मोजला. "सगळं ठीक आहे, काका. यंत्रात दोष नाही," असं सांगून ती गेली.

ती फाटकाबाहेर पडल्यावर काकांनी स्टुलावरची चळत उचलली. कुणाचा कागद हरवला असं व्हायला नको. त्यांनी एकेक सूचना जशी होती तशी, जिथे होती तिथे, जाळीला परत दाखवली. हरवलेली छत्री वर, सापडलेली खाली. स्वतःचा कॅलेंडरचा कागद मधोमध.

संध्याकाळपर्यंत खडू पुन्हा थपथप.

मॅनेजरसाहेबांनी काकांना खुर्चीत बसवलं. ही काळजीची खूण होती, कारण एरवी ते उभ्यानेच रागवायचे. "काका, इंजिनिअर म्हणते यंत्रात दोष नाही. मग दोष कुणात उरला? शाळांची गाडी परवा सकाळी येतेय. तोवर ही खेप कोरडी झाली नाही, तर वाळवणखोली दुसऱ्याकडे देतो. तुम्ही पॅकिंगला जा."

"पॅकिंगला? म्हणजे... साडूच्या हाताखाली?"

"का? घरचाच माणूस आहे की!"

घरचा होता, हीच तर अडचण होती. साडू वयाने लहान, नोकरीत मागाहून लागलेला, आणि काकांनीच शब्द टाकून लावलेला. आता त्याने 'साडूभाऊ, तो दोरा जरा घट्ट बांधा' असं सांगायचं आणि यांनी बांधायचा?

घरी काकांनी ताटात नुसती बोटं फिरवली. काकूंना बातमी आधीच फोनवरून बहिणीने कळवली होती.

"एवढं काय त्यात? ते बिचारे किती खूश आहेत. म्हणाले, साडूभाऊंना खिडकीजवळची जागा देईन."

"मला जागा नको आहे!"

"तुमची आवडती खुर्चीसुद्धा साफ करून ठेवलीय म्हणे."

काका उठले, अंगणात गेले आणि त्या इंजिनिअर मुलीला फोन लावला.

"पोरी, तुझ्यासमोर तो शहाण्यासारखा वागतो आणि तुझी पाठ वळली की रुसतो. डॉक्टरला बघून पोराचं पोट दुखायचं थांबावं तसं."

पलीकडे ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "काका, मी उद्या येते. पण कुणाला सांगू नका. कुणी काही बंद करायचं नाही, काही आवरायचं नाही. रोजच्यासारखं असू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी रोजच्यापेक्षा जरा जास्तच झालं. साडूंनी मन मोठं केलं होतं. त्यांनी खोक्याचा एक अखंड पुठ्ठा कापला, त्यावर रंगीत किनार काढली आणि मोत्यासारख्या अक्षरात रंगवलं: 'आमचे थोरले साडू वाळवणकाका यांचे पॅकिंग विभागात हार्दिक स्वागत!' पुठ्ठा केवढा? जेवणाच्या गोल टेबलाएवढा. चार माणसं बघायला जमली. साडूंनी तो दोन्ही हातांनी जाळीसमोर धरला आणि नुसता सोडला. थप्प! इतका घट्ट बसला की टाळ्या पडल्या.

वाळवणखोलीत काकांच्या कपाळावरचा केस हलायचा थांबला. हवा कळावी म्हणून टांगलेल्या चिंध्या सरळ खाली लोंबल्या. पंखा फिरत होता, पण हुंकार देणाऱ्या म्हाताऱ्यासारखा घुमत होता, आणि वायरमन बाहेरून ओरडत होता, "काका, या बघायला! काटा इतका खाली कधीच आला नव्हता! मोटर झोपलीय जणू!"

काका बोळात धावले. तिथे गर्दीच्या मागे इंजिनिअर उभी होती आणि मान वाकडी करून सूचना वाचत होती.

"तुमचंच स्वागत आहे ना, काका? अभिनंदन. बरं, तो पंखा कुठे आहे?"

"हा काय, या पाटीच्या मागे."

बोलून झाल्यावर काकांना आपलंच वाक्य ऐकू आलं. सगळे त्या पुठ्ठ्याकडे बघायला लागले, जणू तो आत्ताच तिथे उगवला होता.

"काका, रुमाल आहे?" इंजिनिअरने विचारलं. "नाकातोंडावर धरा. घ्या श्वास. येतो?"

"येतो."

"आता त्याची चार पदरी घडी करून धरा आणि कचेरीचा हा जिना चढून या."

काका तीन पायऱ्यांवर थांबले. रुमाल काढून म्हणाले, "मारतेस की काय!"

"तुम्ही मराल, पंखा मरत नाही. त्याला जेवढी हवा मिळते तेवढीच तो पुढे ढकलतो. ढकलायला हवाच कमी, म्हणून मोटरला काम कमी, म्हणून वीज कमी. ती बचत नव्हती, वायरमनभाऊ, उपास होता."

"आणि हे कागद एवढे घट्ट कसे बसतात?" साडूंनी विचारलं. त्यांना अजून आपल्या पुठ्ठ्याचा अभिमान होता. "जाळीत काही चुंबक वगैरे...?"

"जाळी नाही धरत त्यांना. पंखा जाळीमागची हवा उपसतो, तिथे हवा विरळ होते. समोरून बोळातली हवा आत घुसायला बघते आणि वाटेतल्या कागदाला रेटून धरते. भोकं जितकी बुजतील तितकी मागे ओढ वाढते, तितका रेटा वाढतो. सूचनाफलक म्हणून तुमची जाळी रोज सुधारत होती."

"पण तू आलीस तेव्हा तर..." काका बोलता बोलता थांबले. पंखा बंद. कागद खाली. चळत. स्टूल. आणि मग स्वतःच्या हातांनी, हरवलेली छत्री वर, सापडलेली खाली. त्यांनी डोक्याला हात लावला. "मीच लावले गं परत. क्रम न चुकवता!"

"पंखा बंद करा, मग काढा," सेफ्टीबाई पुढे झाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता. टाचण्या कुणी जप्त केल्या हे कुणीतरी आठवायच्या आत त्यांना काम संपवायचं होतं.

पंखा थांबला. पुठ्ठा सगळ्यांत आधी पडला, मागोमाग कॅलेंडरचं पान, अभिनंदन, नाराजी, दोन्ही छत्र्या. पडलेला एकही कागद काकांनी उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पसारा पायाने बाजूला सारला. बारीक जाळी उतरवली, मोठ्या भोकांची ठेवली. हात लांबच राहावा म्हणून इंजिनिअरच्या सांगण्यावरून तोंडासमोर हातभर अंतरावर एक कठडा उभा केला. "नवीन जाळी मी पाठवते," ती म्हणाली. "टोपलीसारखी, बाहेर फुगीर. हवेला शिरायला जागा जास्त मिळते, म्हणजे दाब कमी वाया जातो. आणि तिच्यावर कागद सपाट बसत नाही. तरी आठवड्यातून एकदा पुसत जा."

पंखा सुरू झाला तसा वाळवणखोलीत वारा भरला. चिंध्या आडव्या उडाल्या. मॅनेजरसाहेब नेमके त्या वेळी दार उघडून काहीतरी बोलायला आत आले. ट्रेच्या तळाशी साठलेली सगळी भुकटी उठून साहेबांवर गेली आणि तोंड उघडलेलं तसंच राहिलं. भुवया, मिशी, टाय, सगळं पांढरं.

काकांनी अदबीने म्हटलं, "साहेब, दार लावून घ्या. हवा जाते."

दुसऱ्या सकाळी गाडी आली. साहेबांनी खेपेतले दोन खडू उचलून एकमेकांवर आपटले. टण. पुन्हा आपटले. टण. मग त्यांनी फळ्यावरचा 'निष्काळजीपणा' हा शब्द बाहीने पुसून टाकला आणि बाहेर जाऊन गाडीवाल्याला उगाचच रागावले.

काका त्या दिवशी शीळ घालत घरी गेले. पायातल्या वहाणा काढायच्या आत म्हणाले, "ऐकलंस का? वाळवणखोली माझीच राहिली!"

"कळलं," काकू म्हणाल्या. त्यांच्या कानाला फोन होता. "तेच बोलतोय आम्ही. हिच्या यजमानांनी तो पुठ्ठा लावला म्हणून तुमच्या पंख्याचं दुखणं सापडलं म्हणे."

"काय?"

"मग काय! इतके दिवस तुम्हा सगळ्यांचे बारीकसारीक कागद, कुणाच्या लक्षात आलं का? त्यांनी एकच लावला, पण उजेड पाडला. रात्रभर जागून रंगवला होता हो बिचाऱ्यांनी." काकूंनी फोन पुढे केला. "घ्या. तुम्ही आभार मानाल म्हणून थांबलेत ते."

काकांनी फोनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. वहाणा अजून पायातच होत्या. पण काकू मध्ये उभ्या होत्या.

"हॅलो, साडूभाऊ," पलीकडून अतिशय मायाळू आवाज आला. "आता आमच्याकडे येणार नाही म्हणे तुम्ही. वाईट वाटलं. पण काही लागलं तर सांगत जा हं. संकोच करू नका."

काकांनी एक खोल श्वास घेतला. जाळी नव्हती, रुमाल नव्हता, तरी तो अर्ध्यातच अडकला.

"आभारी आहे," ते म्हणाले.

"काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं."

"आभारी आहे!" काका ओरडले, आणि फोनच्या पलीकडे साडू आपल्या बायकोला सांगताना स्पष्ट ऐकू आलं, "स्पीकर चालू आहे ना गं? सगळ्यांनी ऐकलं ना?"